मदत हवी आहे : एम25 वरच्या कॅमेऱ्याची नोटीस

नमस्कार मंडळी, इंग्लंडमध्ये गाडी चालवणाऱ्यांचा सल्ला हवा आहे.

मागच्या गुरुवारी आईला हीथ्रोवरून घरी आणत होतो. एम25 वर (लंडनभोवतीचा मोटरवे) पाऊस, संध्याकाळची गर्दी. रस्त्यावरच्या एका कमानीवर ताशी 60 मैलांची मर्यादा होती, पुढच्याच कमानीवर लाल कड्यात 40. मागे ट्रक अगदी चिकटलेला, म्हणून करकचून ब्रेक न मारता वेग हळूहळू कमी केला. काल नोटीस आली : 40 च्या जागी 48.

लाल कडं म्हणजे ती मर्यादा कायद्याने बंधनकारक, हे मला मान्य आहे. बदलती मर्यादा पटतेही. या रस्त्यावर ती 1995 पासून आहे, आणि गर्दीत थांबत-सुटत जाण्यापेक्षा संथ पण सलग गेलेलं बरं. पण आकडा बदलल्यावर कॅमेरा लगेच पकडतो की थोडा अवधी देतो? 40 नेमका किती वाजता लागला, ते लेखी मागता येतं का?

28 दिवसांत चालकाचं नाव कळवायचंय, ते कळवतोच. त्यानंतर दंड-पॉइंटऐवजी वेगाबद्दलचा जागरूकता कोर्स मिळाला तर मुकाट्याने करावा, की दाद मागावी? 100 पौंडांच्या दंडापेक्षा लायसन्सवर लागणारे 3 पॉइंट आणि वाढणारा विम्याचा हप्ता याचीच जास्त धास्ती आहे. कुणाला असा अनुभव आला असेल तर प्लीज सांगा.