मदत हवी आहे : नवरा-बायकोची प्रश्नावली वेगवेगळी कशी भरून घ्यायची?
तासगाव-जत भागात जोडप्यांचं नातं आणि नैराश्य यांचा अभ्यास चालू आहे. नवरा-बायकोचं किती जुळतं हे मोजणारी स्पॅनियर यांची 1976 ची 32 प्रश्नांची मापनी आणि नैराश्य मोजणारी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-9 वापरतोय. अडतंय घरात. सासूबाई उंबऱ्यातच बसतात, नवरा मध्येच "अगं, तसं नाही" म्हणतो आणि दोघांची उत्तरं एकसारखी येतात. मग कुणाचा कुणावर किती परिणाम, हे विश्लेषणात वेगळं काढताच येत नाही. दोन मुलाखतकार एकाच वेळी, एक ओसरीवर, एक परड्यात, हे जमतं. पण घर एकाच खोलीचं असेल तर? आरोग्य उपकेंद्रात बोलावलं की गावात चर्चा.

त्याहून काळजीची गोष्ट : पीएचक्यू-9 मधला नववा प्रश्न, जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांचा. तिथे शून्याच्या वर उत्तर आलं तर त्याच दिवशी समुपदेशकाशी बोलणं आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 देणं ठरलंय. पण नंबराचा कागद घरात सापडला तर बाईलाच जाच. तुम्ही तो कसा देता?