जंताची गोळी आणि जिआर्डिया

ताई, शाळेत जंताची गोळी देऊनही पोराचे जुलाब तीन आठवडे थांबत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून सांगते. जंतनाशक दिनाला मिळते ती अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी. पोटातल्या जंतांवर ती चांगलीच, पण जिआर्डियाला तिचा एक डोस पुरत नाही. जिआर्डिया हा जंत नव्हेच, असे लांबणारे जुलाब करणारा एकपेशीय परजीवी आहे. शी तेलकट, फार घाण वासाची, रक्त नाही, पोट फुगलेलं, वजन उतरतंय, असं असेल तर डॉक्टरांशी शौच तपासणीबद्दल बोलाच. एका नमुन्यात काही सापडलं नाही म्हणून विषय संपत नाही. जिआर्डियाचे कोष, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, शीतून रोज पडत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्यावेत.

आणि पाणी! आपल्या सांगलीत पूर ओसरला की लोक क्लोरीनचे थेंब टाकून निर्धास्त होतात. पुष्कळसे जिवाणू त्याने मरतात, जिआर्डियाचे कोष मात्र सहजी दाद देत नाहीत. पाणी खळखळून उकळू द्या, उकळी आल्यावर एक मिनिट पुरे.

तोवर ओआरएस चालू ठेवा, झिंक डॉक्टर सांगतील त्या मात्रेत १४ दिवस, जुलाब थांबले तरी. जेवण तोडू नका. मेडिकलमधून मनानेच मेट्रोनिडाझोल, म्हणजे जिआर्डियावर देतात ते औषध, मात्र कृपा करून आणू नका.