मिरजेत पेशंटला भेटायला जाताना
वर कुणीतरी लिहिलंय की चर्चच्या मंडळीतले सहा जण एकदम वॉर्डात गेले आणि घरचेच वैतागले. वैतागणारच! दोघंच जा. मिरजेत सीमेपलीकडचे पेशंट बरेच, एकाला कानडी येत असेल तर उत्तम. १० मिनिटं पुरे. खाटेवर टेकू नका, स्टूल ओढून पेशंटच्या नजरेच्या उंचीला बसा. आधी ऐका, प्रार्थना विचारूनच करा. वाचायचंच तर बायबलमधलं स्तोत्र १२१ वाचा, आठच ओव्यांचं आहे. 'विश्वास ठेवा, बरे व्हाल' एवढं म्हणू नका. त्यावर गोळ्या बंद करणारे निघतात. खरा घोटाळा नंतर होतो: प्रार्थनेचा विषय म्हणून आजार व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. फक्त पाळकसाहेबांना सांगा. मात्र 'जगायचंच नाही' असं कुणी बोललं, तर गुपित ठेवायचं नाही, तिथल्या तिथे नर्सला सांगायचं.