मदत हवी आहे: एजंटच्या उत्तराची वाट पाहू की मराठी करारावर सही करू?

नमस्कार मंडळी,

मी अमळनेरचा. जिनिंगमधल्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यातल्या) मजुरांवर मराठीत कादंबरी लिहिली आहे, संवाद बरेचसे अहिराणीत. मैत्रिणीने तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि तो आम्ही दिल्ली-लंडनच्या काही लिटररी एजंटांना, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकांना पुस्तकाचे हक्क विकणाऱ्यांना, पाठवला: पत्र, सारांश, पहिली तीन प्रकरणं. मराठीत आपण थेट प्रकाशकाला गाठतो, त्यामुळे हे सगळं नवंच. (आमच्या घरी एजंट म्हणजे विम्याचा.)

काहींचे साच्यातले नकार आले, बाकीचे गप्प. एकीने मात्र पूर्ण हस्तलिखित मागवलं. दिवाळीआधी पाठवलं, शेतातला कापूस वेचून झाला, तरी तिकडून अक्षर नाही. गल्लीतले विचारतात, ‘तुनी कादंबरी कव्हय येई रे भो?’

खरी अडचण पुढे आहे. २०२४ साली आमच्या गावात ९७ वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा ओळख झालेल्या एका प्रकाशकाने मराठी आवृत्तीला होकार दिलाय. पण करारात ‘सर्व भाषांतील अनुवादाचे व दृक्‌श्राव्य हक्क प्रकाशकाकडे’ असं कलम आहे, मुदत लिहिलेली नाही. सही केली तर एजंटने विकायचं काय? नाही केली तर हातचं जायचं. प्रकाशक म्हणतात, ‘सगळे असंच करतात.’ खरंच करतात का?

शिवाय ज्या एजंटकडे हस्तलिखित आहे तिला आठवण करावी का? आणि एक जण ‘वाचन शुल्क’ मागतोय, ते द्यायचं असतं का?

प्रतिसाद १
शुल्क मागणाऱ्याला लांबूनच नमस्कार करा. एजंट कमिशनवर काम करतो: पुस्तक विकलं गेलं तर साधारण १५ टक्के, परदेशी हक्कांवर २० च्या आसपास. आधी एक पैसा नाही.
हस्तलिखित मागवलंय ना, मग खुशाल आठवण करा. चार ओळी पुरेत. मराठी प्रकाशकाचा होकार त्यात जरूर सांगा, त्याने फाइल वर येते.

प्रतिसाद २
‘सगळे करतात’ यावर जाऊ नका. कॉपीराइट कायदा १९५७, कलम १९ वाचा. हक्क लेखी द्यावे लागतात आणि कोणते ते स्पष्ट लिहावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण त्या ५ वर्षांतही इंग्रजी अनुवाद अडकेलच. म्हणून ‘मराठी छापील आवृत्ती आणि मराठी ई-बुक’ एवढेच हक्क द्या, बाकीचं कलम खोडून दोघांच्या सह्या घ्या. माझ्या प्रकाशकाने कुरकुर केली, पण मान्य केलं.
मैत्रिणीशी लेखी करार आहे का? अनुवादावर तिचा स्वतंत्र कॉपीराइट असतो. एजंट ते विचारणारच.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. मैत्रीण उद्या जळगावहून येतेय, तेव्हा कागद करून घेतो. प्रकाशकांना आजच मेल टाकतो. एजंटला लिहायच्या चार ओळी कुणी नजरेखालून घालेल का? माझं इंग्रजी कामापुरतंच आहे.