रायफल झिरो करायला लेझर बोअरसायटर? माझं मत: पैसे गोळ्यांवर घाला

तळ्याकाठचा
थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आमच्या विस्कॉन्सिनात हरणांच्या शिकारीचा नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम उघडतो. ऑक्टोबर लागला की आमच्या मराठी कंपूत हटकून विचारणा येते, "बोअरसायटर कुठला घेऊ?" म्हणून एकदाच लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: झिरो करणं म्हणजे फुली धरली तिथेच गोळी लागेल असा स्कोप (दुर्बीण) जुळवणं. आणि बोअरसायटर म्हणजे काडतुसाच्या मापाची पितळी नळी, पोटात बटन सेल आणि लाल लेझर. चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, सरकवून मागचा बोल्ट लावायचा, की बंदुकीच्या नळीतून ठिपका समोरच्या भिंतीवर पडतो. मग स्कोपची फुली त्या ठिपक्यावर आणायची. झाली म्हणे रायफल झिरो, एकही गोळी न उडवता.

मागच्या वर्षी मी तेच केलं. माझ्या .३०८ रायफलीवर नवा स्कोप चढवला, तळघरात दहा यार्डांवरच्या भिंतीवर ठिपका आणि फुली एकमेकांवर बसवली आणि रेंजवर न जाता थेट मचाणावर चढलो. उद्घाटनाच्या सकाळी साडेसातला ऐंशी यार्डांवर मादी आडवी उभी. खांद्यामागे फुली धरली, श्वास सोडला, चाप ओढला. तिने मान वर करून इकडेतिकडे बघितलं आणि टुणकन झाडीत गेली. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. तासभर बर्फात शोधलं. पुढच्या शनिवारी रेंजवर गेलो तर शंभर यार्डांवर गोळ्या कागदाच्या वरून जात होत्या. कागदावर यायलाच सतरा काडतुसं गेली.

तेव्हा हे खेळणं घेऊ नका. तेवढ्या पैशांत गोळ्या येतात.

अर्धा इंच
असहमत. मालक, चूक लेझरची नव्हे, भूमितीची आहे. नळी आणि स्कोप यांत दीड इंचाचं अंतर. दहा यार्डांवर दोन्ही रेषा एकमेकींना छेदल्या, म्हणजे पुढच्या प्रत्येक दहा यार्डांना नळीची रेषा दीड इंच वर जाणार. शंभरावर साडेतेरा इंच. त्यातून १५० ग्रेन वजनाची गोळी तेवढ्या अंतरात साधारण सव्वादोन इंच पडते, ते वजा करा. अकरा इंच वर! ऐंशी यार्डांवर नऊ. तुमची गोळी तिच्या पाठीवरून गेली, लेझरने सांगितलं तसंच.

तळघरात ठिपका फुलीच्या इंचभर *खाली* ठेवायला हवा होता. २५ यार्डांवर करणार असाल तर अर्धा इंच खाली. माझं टोपणनाव उगाच नाही.

तळ्याकाठचा
हिशोब मान्य. पण डबीवर हे कुठे लिहिलंय? डबीवर लिहिलंय "वेळ आणि गोळ्या वाचवा".

बंदुकीची माशी
धागाकर्त्याशी सहमत, पण कारण वेगळं. बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल आहे ना? मग बोल्ट काढा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा, मागून नळीत डोळा लावा. पन्नास यार्डांवरचा काळा गोल नळीच्या बरोबर मध्ये दिसेपर्यंत रायफल हलवा आणि तिला धक्का न लावता फुली त्या गोलावर आणा. फुकट आहे, सेल लागत नाही. माझे अमेरिकन सासरे साठ वर्षं हेच करताहेत.

उत्तरेचा वारा
आणि ज्याच्याकडे रेमिंग्टन ७४०० आहे त्याने काय करायचं? अर्धस्वयंचलित रायफलीत मागून डोळा घालायला वाट नाही. लिव्हरवाल्या विंचेस्टर ९४ चंही तेच. आमच्यासारख्यांना एकतर हा लेझर, नाहीतर नळीच्या तोंडाला लावायचा जुना जाळीवाला कॉलिमेटर. सगळ्यांची रायफल तुमच्या सासऱ्यांसारखी नसते.

शिवाय एक फायदा कुणी बोलतच नाही. नव्या स्कोपची आडवी घुंडी पार टोकाला गेली तरी फुली ठिपक्यावर येईना, तेव्हा मला कळलं की स्कोपखालचा बेसच तिरका बसलाय. घरच्या टेबलावर, चहा पिता पिता. हेच रेंजवर, मागे चार माणसं ताटकळत असताना कळलं असतं तर?

सुभेदार (नि.)
जय हिंद. मी साताऱ्याचा, मुलाकडे मिलवॉकीला आलोय. शिकार करत नाही, पण रायफलीवर आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द.

पलटणीत ज्याची रायफल त्यानेच झिरो करायची. माझ्या रायफलीवर शेजारचा जवान उत्तम ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचा झुबका) काढेल, पण तो ग्रुप माझ्यापेक्षा दोन बोटं बाजूला असू शकतो. गाल कुठे टेकतो, दस्ता खांद्यात किती घट्ट, चाप कसा दाबला, सगळं त्यात येतं. चेंबरमधल्या दिव्याला हे कसं कळणार? आणि गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरकायला लागते, नळी थरथरते. शांत पडलेल्या नळीचा रोख आणि बार उडतानाचा रोख एकच नसतो.

दुसरं, जास्त महत्त्वाचं. तोंडाकडून दांडी घालायचा जो लेझर मिळतो, तो काढायला विसरून बार काढला तर नळी फुटू शकते. चेहरा तिथेच असतो. लेझर लावण्याआधी मॅगझिन रिकामं, चेंबर बोटाने चाचपलेलं. काम झाल्यावर लेझर टेबलावर, डोळ्यांसमोर. आणि खऱ्या काडतुसांची डबी त्या खोलीतच नको.

उत्तरेचा वारा
सुभेदारसाहेब, दुसऱ्या मुद्द्याला दंडवत. पहिल्यावर एवढंच: लेझरने झिरो करा असं इथे कुणीच म्हणत नाहीये. पहिली गोळी कागदावर यावी इतकीच अपेक्षा. पुढचं गोळ्यांनीच करायचं.

तळ्याकाठचा
"कुणीच म्हणत नाही" कसं? मी तेच समजून मचाणावर गेलो होतो.

पन्नास मीटर
पुण्याहून. पॉइंट टू टू क्रीडा-नेमबाजी करते, हरणांशी संबंध नाही. २०२४ ला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य आणल्यापासून रेंजवर नवी मुलं खूप येतात आणि त्यातला एखादा हा लेझर घेऊन येतोच. आमच्या कोचनी एकाला सांगितलं, तो दिवा मांजराला खेळायला दे. आम्ही मॅचआधीच्या वेळात सायटर (गुण न धरल्या जाणाऱ्या चाचणीच्या गोळ्या) मारतो आणि डायॉप्टरचे, म्हणजे मागच्या भोकाच्या सायटचे, क्लिक फिरवतो. तीच नळी, तोच माणूस, पण काडतुसांचा लॉट (कारखान्यातली खेप) बदलला की ग्रुपचा आकार बदलतो. म्हणून लोक नळी शिकंज्यात धरून लॉट तपासून घेतात. लेझरला लॉट कसा कळणार?

थंडीतला कोकण्या
आमच्या आजोबांकडे शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. बहात्तरच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर रानडुकरं हाकलायला नुसता बार काढायचे. माशी निम्मी झिजलेली. त्यांना हा धागा वाचून दाखवला असता तर म्हणाले असते, "मेल्यांनो, जवळ जावा."

अर्धा इंच
कोकण्या, :)

मूळ मुद्द्यावर. धागाकर्ते, तो लेझर अजून आहे का? एक करून बघा. २५ यार्डांवर पुठ्ठा लावा. सावलीत किंवा संध्याकाळी, उन्हात लाल ठिपका दिसणार नाही. रायफल हलू न देता लेझरचं काडतूस चेंबरमध्ये पाव-पाव वळसा फिरवा आणि प्रत्येक वेळी ठिपक्यावर पेन्सिलची खूण करा. चारही खुणा एका जागी आल्या तर लेझर सरळ बसवलेला आहे. वर्तुळ झालं तर खरा रोख वर्तुळाच्या मध्यावर. स्वस्त नळ्यांत दिवा वाकडाच असतो. २५ वर अर्धा इंच चूक म्हणजे शंभरावर दोन इंच.

बंदुकीची माशी
एवढा खटाटोप करण्यापेक्षा बोल्ट काढा हो.

तळ्याकाठचा
केलं. शनिवारी रेंजवर गेलो होतो, सगळं लिहितो.

चार खुणांचं वर्तुळ झालं, इंचभर व्यासाचं. म्हणजे गेल्या वर्षी मी तळघरात त्याच वर्तुळावरचा कुठला तरी एक ठिपका देवाचा प्रसाद म्हणून घेतला होता. या वेळी मध्य काढला, फुली त्याच्या अर्धा इंच वर ठेवली. मग लेझर काढून टोपीत टाकला आणि टोपी टेबलावर (सुभेदारसाहेब, तुमची आठवण झाली). शंभर यार्डांवर पहिली गोळी तीन इंच डावीकडे, इंचभर वर. कागदावर! दुसरी तिच्याच शेजारी. स्कोपच्या घुंडीचे पाव-पाव इंचाचे बारा क्लिक उजवीकडे, चार खाली. नंतरच्या तीन गोळ्या अर्ध्या पोळीत झाकल्या जातील इतक्या जवळ.

एकूण पाच काडतुसं. गेल्या वर्षी सतरा नुसती कागद शोधण्यात गेली होती.

अर्धा इंच, तुमची एक कॉफी लागू. धाग्याचं शीर्षक मात्र बदलत नाही. ती तीन इंचांची डावी चूक पाचशे पानी भूमितीलासुद्धा कळली नव्हती, गोळीनेच सांगितली.

अर्धा इंच
स्कोपच्या रिंगांचे स्क्रू आवळले होते का?

तळ्याकाठचा
...बघून सांगतो.