शब्दचर्चा: ‘ईश्वरी आज्ञा’ की ‘मनुष्यरचित’? मॉर्मन बहुपत्नीत्वासाठी मराठी शब्द

रानजाई

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटाच्या अंकासाठी सुरुवातीच्या मॉर्मन पंथातल्या बहुपत्नीत्वावर लेख लिहिते आहे. लेखाचा मुख्य प्रश्न एका ओळीत मांडायचा आहे: ही चाल देवाच्या आज्ञेने आली की माणसाने काढली? पहिल्या खर्ड्यात मी ‘अपौरुषेय की पौरुषेय’ असं लिहिलं, पण ते बोचतंय. शिवाय पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ ज्याला ‘रेव्हलेशन’ म्हणायचा त्याला काय म्हणू? साक्षात्कार, दृष्टांत की प्रकटीकरण? आणि ‘सेलेस्टिअल मॅरेज’चं काय करू? ‘स्वर्गीय विवाह’ लिहिलं तर नवरा-बायको दोघंही वारलेले वाटतात.

टाचण

‘अपौरुषेय’ नक्कीच नको. मीमांसकांच्या अर्थाने अपौरुषेय म्हणजे ज्याला कर्ताच नाही. माणूस नाही, देवही नाही. जोसेफच्या वचनांना बोलणारा देव आहे, ऐकणारा माणूस आहे, तारीख आहे, गाव आहे, लिहून घेणाराही आहे. बहुपत्नीत्वाचं वचन १२ जुलै १८४३ रोजी इलिनॉय राज्यातल्या नॉव्हू गावात लिहून घेतलं गेलं. लेखनिक विल्यम क्लेटन. त्यानेच पुढे सांगितलं की जोसेफचा भाऊ हायरम म्हणाला, तू लिहून दे, मी वहिनीला वाचून दाखवतो आणि पटवतो. जोसेफ म्हणाला, एमाला तू माझ्याइतका ओळखत नाहीस. हायरम बोलणी खाऊन परत आला. मूळ कागद नष्ट झाला. आज आहे तो मजकूर जोसेफ किंग्जबरीने केलेल्या नकलेमुळे टिकला.

इतका घरातला, इतका हातातला इतिहास असलेल्या मजकुराला अपौरुषेय म्हणणं म्हणजे त्या शब्दावरही अन्याय आणि इतिहासावरही. श्रद्धावंतांची बाजू मांडताना ‘ईश्वरप्रणीत’ लिहा.

बोरू

‘रेव्हलेशन’ला ‘प्रकटीकरण’च. मराठी बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकाचं नाव तेच आहे, ख्रिस्ती वाचकांना लगेच कळेल. ‘साक्षात्कार’मध्ये अनुभव असतो, मजकूर नसतो. जोसेफचं प्रकटीकरण म्हणजे देव प्रथमपुरुषी बोलतो आहे असा सलग मजकूर.

‘दृष्टांत’ मोहक आहे खरा. विठोबाने दृष्टांत दिला, नामदेवांनी तुकोबांच्या स्वप्नात येऊन अभंग करायला सांगितलं, हे आपल्या कानात बसलेलं आहे. त्यामुळेच तो टाळावा असं मला वाटतं. वाचक नकळत तोच भाव इथे आणेल.

टाचण

बोरू यांच्या शेवटच्या वाक्यावर जरा थांबतो, कारण माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे. तुकोबांना झालेल्या आज्ञेचं ओझं तुकोबांवर पडलं. अभंग त्यांनी करायचे, सोसायचं त्यांनी. नॉव्हूमध्ये आज्ञा एकाला झाली आणि तिचं ओझं दुसऱ्यांवर, बहुतेक वेळा तरुण मुलींवर पडलं.

लूसी वॉकरचं उदाहरण घ्या. आई वारलेली, वडिलांना जोसेफने धर्मकार्यासाठी दूर पाठवलेलं, मुलगी जोसेफच्याच घरात राहणारी. तिने स्वतः पुढे लिहून ठेवलं आहे की जोसेफने तिला सांगितलं: दुसरी बायको करण्याची देवाने मला आज्ञा केली आहे, आणि ती स्त्री तू आहेस. तिला राग आला, ती कोलमडली. मग तिला उद्यापर्यंतची मुदत मिळाली. हा निरोप नाकारलास तर दार तुला कायमचं बंद होईल, असंही सांगण्यात आलं. १ मे १८४३ रोजी विधी झाला. आदल्या दिवशी तिला सतरावं वर्ष पूर्ण झालं होतं.

म्हणून रानजाईताई, लेखात ‘आज्ञा’ हा शब्द आला की प्रत्येक वेळी ती कुणाला झाली, कुणी सांगितली आणि कुणाला पाळावी लागली, हे वाक्यात दिसू द्या. ‘बहुपत्नीत्वाची आज्ञा झाली’ असं कर्मणी वाक्य लिहून सोडू नका. मराठीत कर्मणी प्रयोगात कर्ता फार सहज लपतो.

सॉल्टलेकवासी

मी बरीच वर्षं युटामध्ये राहते, शेजारी मॉर्मन, मैत्रिणी मॉर्मन. टाचणकाका, लूसीची गोष्ट तुम्ही अर्ध्यावर सोडलीत, ते मला खटकलं. तिने पुढे असंही लिहिलं आहे की ती रात्रभर तळमळली, प्रार्थना केली, आणि तिला स्वतःला उत्तर मिळालं. मन शांत झालं. म्हातारपणापर्यंत तिने ही साक्ष बदलली नाही. १८९२च्या टेंपल लॉट खटल्यात, म्हणजे मंदिराच्या जागेवरून मॉर्मन गटांत झालेल्या दाव्यात, तिने शपथेवर जबानी दिली. एमिली पार्ट्रिजनेही दिली. हेलन मार किंबल चौदा वर्षांची असताना जोसेफशी बांधली गेली, म्हणजे ‘सीलिंग’ या पंथाच्या विधीने त्याची झाली. तिने पुढे बहुपत्नीत्वाच्या समर्थनार्थ पुस्तिका लिहिल्या. या बायकांना नुसतं बळी म्हणून मोकळं होता येत नाही.

इथले श्रद्धावंत याला अब्राहामाची कसोटी म्हणतात. मुलाचा बळी दे, अशी आज्ञा देवाने केली आणि मग थांबवलं, तशी. त्यांच्या मते देवाने करायला सांगितलं तेव्हा केलं, थांबवायला सांगितलं तेव्हा थांबवलं. त्यांना ‘चाल काढली’ हा शब्दप्रयोग लागेल.

टाचण

ताई, लूसीची उत्तररात्र जोडलीत ते बरं केलंत. रानजाई यांनी लेखात दोन्ही रात्री द्याव्यात. तिच्या साक्षीवर मला शंका नाही. पण तिला उत्तर मिळालं, हे मान्य केलं तरी प्रश्न तिच्यापुढे कोणत्या शब्दांत ठेवला गेला होता, हे उरतंच. दार बंद होण्याची भीती घालून विचारलेल्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर मी ‘संमती’ म्हणणार नाही.

आणि ‘संमती’ हा शब्द खुद्द प्रकटीकरणात आहे. त्यांच्या ‘सिद्धांत आणि करार’ या धर्मग्रंथाच्या १३२व्या विभागात म्हटलं आहे की पुरुषाला दुसरी कुमारी करायची असेल तर पहिलीने संमती द्यावी. पुढच्याच काही ओळींत येतं की पहिलीने हे मानलं नाही तर तिचा नाश होईल आणि नवरा ‘सारेच्या नियमा’तून मोकळा होईल, म्हणजे तिच्या होकाराची गरज उरणार नाही. त्याच विभागात एमाचं नाव घेऊन तिला बजावलं आहे. याला मराठीत ‘संमती’ लिहिलं तर वाचक फसेल. ‘पहिलीला विचारावं’ इतकंच लिहा. त्यात ती काय म्हणते याला बांधील राहण्याचं वचन नाही.

पार्ट्रिज बहिणींचं पाहा. एमिली आणि एलायझा मार्च १८४३ मध्ये एमाच्या नकळत जोसेफशी बांधल्या गेल्या. मे महिन्यात एमा राजी झाली आणि तिने निवडलं याच दोघींना. तेव्हा आधीचं काही न सांगता तोच विधी तिच्यासमोर पुन्हा करण्यात आला. एमिलीनेच हे नोंदवलं आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वेळ पुढे जाता आलं नाही.

बोरू

‘आज्ञा’ आणि ‘अनुज्ञा’ यांत फरक करायला हवा. मॉर्मनच्या पुस्तकात, म्हणजे १८३० मध्ये छापलेल्या मूळ ग्रंथात, याकोबाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात दावीद आणि शलमोनाच्या अनेक बायका आणि उपपत्नी देवाला किळसवाण्या वाटल्या असं स्पष्ट आहे. पुरुषाला एकच बायको असावी हा नियम. फक्त तिसाव्या ओळीत एक फट आहे: मला संतती वाढवायची असेल तर मी माझ्या लोकांना आज्ञा करीन, नाहीतर त्यांनी हेच पाळावं. म्हणजे निषेध हा नियम आणि आज्ञा हा अपवाद. विभाग १३२ मध्ये मात्र त्याच दाविदाला त्याच्या बायका देवाने दिल्या होत्या असं येतं. एकच प्रकरण सोडून त्याचा दोष नाही. हे दोन मजकूर शेजारी ठेवा, तुमच्या लेखाचा कणा तयार होईल.

रानजाई

हे फार उपयोगी. पण मग त्या काळात ते लोक स्वतः काय शब्द वापरत? ‘पॉलिगमी’ म्हणत का?

टाचण

आपसांत नाही. ‘स्वर्गीय विवाह’, ‘नवा आणि सनातन करार’, आणि नंतर नुसतं ‘तत्त्व’. ‘तत्त्वात जगणं’ म्हणजे बहुपत्नीत्वात राहणं. ‘पॉलिगमी’ आणि ‘आध्यात्मिक पत्नी’ हे शब्द बाहेरच्यांचे किंवा जॉन बेनेटसारख्या पंथ सोडलेल्यांचे म्हणून टाकलेले होते. शब्दांच्या या वाटणीचा फार मोठा उपयोग झाला. १८३५च्या ‘सिद्धांत आणि करार’मध्ये विवाहावरचा लेख होता: आमच्यावर बहुपत्नीत्वाचा आरोप होतो, पण एका पुरुषाला एक बायको आणि एका बाईला एक नवरा, असं आम्ही मानतो. तो १८७६पर्यंत छापला जात होता. ऑक्टोबर १८४२ मध्ये नॉव्हूच्या ‘टाइम्स अँड सीझन्स’मध्ये बारा पुरुष आणि एकोणीस स्त्रियांनी सह्यांनिशी जाहीर केलं की त्या ग्रंथातल्या विवाहपद्धतीखेरीज दुसरी पद्धत आम्हाला ठाऊक नाही. सही करणाऱ्यांत एलायझा स्नो होती. जून १८४२ मध्ये ती जोसेफशी बांधली गेली होती, आणि पुढे आयुष्यभर ते अभिमानाने सांगत राहिली.

चर्चने स्वतः २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत असे नकार शब्द जपून वापरून केलेले होते असं मान्य केलं आहे. जोसेफच्या पत्नींची संख्या काळजीपूर्वक केलेल्या अंदाजांनुसार ३० ते ४० असावी, हेही त्यातच आहे.

माझं मत विचाराल तर उघड सांगतो: मला हे मनुष्यरचित वाटतं. देवाची आज्ञा इतक्या आडवळणाच्या शब्दांत लपवावी लागत नाही म्हणून नव्हे. देव काय करतो हे मला ठाऊक नाही. पण आज्ञेचा मजकूर ज्या दिवशी लिहिला गेला त्याच्या दोन वर्षांहून अधिक आधी, एप्रिल १८४१ मध्ये, लुईझा बीमनशी विधी झाला होता. त्याआधी ओहायोतल्या कर्टलंडमध्ये फॅनी अल्जरचं प्रकरण झालं होतं, ज्याला ऑलिव्हर काउडरीसारख्या जवळच्या सहकाऱ्याने १८३८ मध्ये पत्रात घाणेरडं म्हटलं. मजकूर घडलेल्या गोष्टींच्या मागून येतो आणि एका विशिष्ट बायकोला गप्प करायला येतो. माणसाचा हात मला तिथे दिसतो.

तरीही ‘कपोलकल्पित’ किंवा ‘बनाव’ लिहू नका. त्यात जाणूनबुजून फसवल्याचा आरोप आहे. हातात तलवार घेतलेला देवदूत वारंवार आला आणि त्याने धाक घातला, असं जोसेफ जवळच्यांना सांगे. त्यावर त्याचा स्वतःचा विश्वास होता की नाही हे कुठल्याही कागदावरून ठरत नाही. ‘मनुष्यरचित’ या शब्दात भाबडेपणाला आणि कपटाला, दोन्हींना जागा राहते.

सॉल्टलेकवासी

‘मनुष्यरचित’ माझ्या मैत्रिणींना पटणार नाही, पण अपमानकारक वाटणार नाही. चालेल. एक तिसरी बाजू मात्र विसरू नका. एमाने १८७९ मध्ये मरेपर्यंत सांगितलं की माझ्या नवऱ्याला दुसरी बायको नव्हती. तिच्या मुलाच्या नेतृत्वाखाली १८६० मध्ये उभ्या राहिलेल्या पुनर्रचित चर्चने अनेक दशकं हेच धरून ठेवलं: बहुपत्नीत्व जोसेफनंतर प्रमुख झालेल्या ब्रिगम यंगने आणलं. म्हणजे ‘देवाचं की माणसाचं’ याबरोबरच ‘कोणत्या माणसाचं’ हाही वाद आहे.

कोर्टकचेरी

कायद्याच्या बाजूने थोडं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७९च्या रेनॉल्ड्स या मॉर्मनाच्या बहुपत्नीत्वाच्या खटल्यात आज्ञा खरी की खोटी यात शिरायचंच नाकारलं. श्रद्धा मोकळी, कृती कायद्याखाली. उदाहरण दिलं ते आपल्याकडचं: नवऱ्याच्या चितेवर जळणं हे धर्मकर्तव्य आहे असं एखाद्या बाईने मानलं, तर सरकारने अडवायचं नाही का?

आणि हा धागा मुंबईपर्यंत येतो. १९४६चा मुंबई इलाख्याचा द्विभार्या प्रतिबंधक कायदा नरसू अप्पा माळी खटल्यात उच्च न्यायालयात आव्हानित झाला. १९५१च्या निकालात मुख्य न्यायाधीश छागला यांनी श्रद्धा आणि आचार यांतला फरक सांगताना अमेरिकेतल्या डेव्हिस विरुद्ध बीसन या मॉर्मन खटल्याचाच आधार घेतला. गजेंद्रगडकर सोबत होते. ‘द्विभार्या’ हा शब्द तुम्हाला शीर्षकात नको असेल, पण तळटीपेत जरूर द्या.

बोरू

पुण्याचाही संबंध आहे. ह्यू फिंडले हा मॉर्मन प्रचारक १८५२ मध्ये मुंबईत उतरला आणि पुण्यात त्याने छोटी मंडळी जमवली. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॉल्ट लेकमध्ये चर्चचा नेता ऑर्सन प्रॅट याने बहुपत्नीत्व पहिल्यांदा जाहीरपणे मांडलं होतं.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. शीर्षक ठरलं: ‘ईश्वरप्रणीत की मनुष्यरचित’. १८९०च्या जाहीरनाम्यात चर्चचा तेव्हाचा अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ याने देशाच्या कायद्याने मनाई केलेले विवाह करू नका असं सांगताना ‘माझा सल्ला’ म्हटलं आहे, तिथे ‘सल्ला’च ठेवते, चालू करताना आज्ञा आणि थांबवताना सल्ला, हे वाचकाला दिसायला हवं. एक शेवटचं: ‘सीलिंग’ला तुम्ही सगळे ‘बांधली गेली’ म्हणताय. सरळ ‘विवाह’ लिहिलं तर?

टाचण

नका लिहू. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं ‘पृथ्वीवर जे बांधशील ते स्वर्गात बांधलं जाईल’ हे त्यामागे आहे, म्हणून ‘बंधनविधी’ चांगला. ‘शिक्कामोर्तब’ कचेरीतलं वाटतं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. एमाचं जोसेफशी लग्न झालं जानेवारी १८२७ मध्ये. तिचा बंधनविधी झाला २८ मे १८४३ रोजी, लुईझा बीमन, एलायझा स्नो, लूसी वॉकर या सगळ्यांच्या नंतर. दोन्हींना ‘विवाह’ म्हटलंत तर हा क्रम तुमच्या लेखातून पुसला जाईल.