निवृत्तीनंतरचे तीन दिवस कशाला द्यावेत? मोडी लिपी, लेखनिकाचं काम की नातू – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याची. महसूल खात्यात 34 वर्षं काढली आणि 58 पूर्ण झाल्यावर गेल्या मे अखेरीस अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. तब्येत बरी आहे. साखर काठावर, डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात, गुडघे अजून साथ देतात. पेन्शन सुरू झाली, डोक्यावर कर्ज नाही. वेळ जात नाही अशी माझी तक्रार नाही. उलट तो जातो कुठे तेच कळेना, म्हणून हा धागा.

पहिल्या महिन्यापासून मी कुणालाच नाही म्हणू शकले नाही. सोसायटीची खजिनदार झाले. भजनी मंडळात नाव घातलं. भिशीचा हिशोब माझ्याकडे आला. नात्यातल्या तीन लग्नांच्या याद्या आणि आहेर मीच पाहिले. "आता काय, तू मोकळीच आहेस" हे वाक्य इतक्यांदा ऐकलं की मलाही ते खरं वाटू लागलं. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. कुठेही नोकरी करत नाही असं लिहून सही केली. घरी चालत येताना मनात आलं, नोकरी करत नाही हे खरं, मग मी करते काय? सहा महिन्यांत मी मनापासून निवडलेली एकही गोष्ट आठवेना. त्या रात्री झोप लागली नाही.

आता यजमानांशी बोलून ठरवलंय की आठवड्यातले तीन दिवस माझे. (ते दोन वर्षांपूर्वीच निवृत्त झाले. रोज पहाटे अजिंक्यतारा चढतात, त्यांची घडी छान बसली आहे.) त्या तीन दिवसांवर हक्क सांगणाऱ्या गोष्टीही तीनच आहेत.

पहिली, मोडी. नोकरीची शेवटची वर्षं मी अभिलेख कक्षात होते. 2023 च्या सप्टेंबरात कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली आणि वर्षानुवर्षं बांधून ठेवलेले गठ्ठे आम्ही सोडायला लागलो. गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुकं, जन्ममृत्यूच्या नोंदी. पानंच्या पानं मोडीत. सगळं आयुष्य त्या कागदांशेजारी काढलेले आम्ही लोक, आणि एकालाही वाचता येईना. शेवटी एका निवृत्त तलाठ्यांना रिक्षाने आणलं. वय 84. शाळेत मोडी शिकलेले. भिंग घेऊन ते एकेक ओळ वाचत होते आणि समोर कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून बसलेला माणूस त्यांच्या तोंडाकडे बघत होता. पणजोबांचं नाव उच्चारलं गेलं तेव्हा तो रडला. हे दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. हे काम आपल्याला यायला हवं असं तेव्हापासून वाटतंय. माहेरी वाई तालुक्यात आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे, तीही मोडीनं भरलेली.

दुसरी, दृष्टिहीन मुलांसाठी काही करायचं. माझा आवाज स्पष्ट आहे, अक्षर चांगलं आहे. परीक्षेत लेखनिक म्हणून, म्हणजे ती सांगतील ती उत्तरं लिहून द्यायला, बसावं असं मनात आहे.

तिसरी, नातू. मुलगा-सून पुण्यात, कोथरूडला. नातू 14 महिन्यांचा. सून कामावर रुजू झाली आहे. तिनं कधीही तोंडानं मागितलेलं नाही, पण पाळणाघराचा विषय निघाला की ती गप्प होते. ते मला कळतं आणि लागतं.

विचारायचं आहे ते असं. या वयात मोडी खरंच येते का, किती दिवसांत? लेखनिक व्हायला काय करावं लागतं? आणि ज्यांनी निवृत्तीनंतर एखादी गोष्ट निवडली त्यांनी बाकीच्या कशा सोडल्या? कुणाला न दुखवता.

प्रतिसाद – बोरूटाक

ताई, मी 61 व्या वर्षी मोडी शिकलो, आज 67 चा आहे. येते. फक्त "किती दिवसांत" याचं उत्तर दोन प्रकारे द्यावं लागेल. मुळाक्षरं आणि बाराखडी दहाबारा दिवसांच्या वर्गात होते. पुराभिलेख संचालनालय असे वर्ग घेतं, पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळातही वर्ग भरतात. वर्ग संपला की वाटतं, आलं. मग खरा कागद समोर येतो आणि एक ओळ लागत नाही.

कारण वर्गातली मोडी सुटी असते. कागदावर आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढलेली, मग हात न उचलता लिहीत गेलेलं. शब्द तोडलेले नाहीत, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्वदीर्घ पाळलेलं नाही. त्यात प्रत्येक लेखकाचं वळण वेगळं. मला रोज तासभर बसून बऱ्यापैकी वाचता यायला सव्वा वर्ष लागलं.

पण तुमचं एक बळ आहे जे माझ्याकडे नव्हतं. मोडी वाचताना निम्मं काम अंदाजाचं असतं, आणि अंदाज येतो तो मजकूर ओळखीचा असल्यामुळे. मौजे, मजकूर, बिन आणि वल्द (म्हणजे अमक्याचा मुलगा), कसबे, इनाम, हे शब्द तुम्ही 34 वर्षं हाताळलेत. म्हणून पेशवाईकडे सुरुवातीला जाऊच नका. इंग्रजी अमदानीतल्या, ठरावीक रकान्यांच्या नोंदींपासून सुरू करा. कुठल्या रकान्यात काय असणार हे तुम्हाला आधीच माहीत आहे.

कालगणना मात्र सोबतच शिका. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, फसलीत म्हणजे महसुली सनात 590. जुन्या कागदांतला शुहूर सन अरबी आकड्यांच्या शब्दांत लिहितात. खमस सबैन मया व अलफ म्हणजे 1175, त्यात 599 मिळवा, 1774 येतं. वर्षाची सुरुवात वेगळी असल्यानं एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेव्हा नेमक्या तारखेसाठी जंत्री, म्हणजे तारखांचं कोष्टक, पाहायचीच.

एक कळकळीची विनंती. शिकल्या शिकल्या लोकांच्या दाखल्यांसाठी लिप्यंतर करून देऊ नका. जातीच्या रकान्यात काही ठिकाणी नुसतं "कु" एवढंच असतं. चुकीच्या वाचनानं कुणाचं तरी नुकसान होतं. निदान दोन वर्षं जाणत्या माणसाच्या हाताखाली वाचा.

प्रतिसाद – सहा ठिपके

मी स्वतः दृष्टिहीन आहे, एम.ए. लेखनिकांच्या मदतीनंच केलं. तुमच्या इच्छेबद्दल मनापासून आभार, पण आधी एक नियम सांगतो म्हणजे हिरमोड होणार नाही. केंद्र सरकारच्या 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल, तर लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावं लागायचं; 2025 मध्ये सूचना बदलल्या, पण लेखनिकाचं शिक्षण कमी असण्याची अट राहिली. तुम्ही पदवीधर असाल तर पदवीच्या परीक्षेला तुम्हाला बसता येणार नाही. शाळकरी मुलांना तर खालच्या इयत्तेतलाच लेखनिक लागतो. पदव्युत्तर परीक्षेला चालाल का, ते आधी विचारून घ्या. तासामागे 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चार तास सलग लिहायची तयारी हवी.

खरी टंचाई आहे ती वाचून दाखवणाऱ्यांची. मराठी माध्यमाची संदर्भपुस्तकं, नोट्स, जुने अंक ध्वनिमुद्रित स्वरूपात मिळत नाहीत. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात कुणी धडा वाचून पाठवला तर त्याचं मोल काय असतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. पंखा बंद, फोन जवळ, पान क्रमांक सांगून वाचायचं. घरबसल्या होतं.

प्रतिसाद – माहीमची आजी

नातवाचं मी सांगते. मी पाच वर्षं पूर्ण वेळ सांभाळलं, आनंदानं सांभाळलं. मग तो शाळेत रमला आणि मी 66 ची झाले होते. मला पश्चात्ताप नाही. पण सुनेशी आधी मोकळेपणानं बोलले नव्हते. माझं गृहीत धरणं आणि तिचा संकोच यात आम्ही दोघी शिणलो. ताई, "गप्प होते" यावर ठरवू नका. तिला विचारा, कोणता दिवस सगळ्यात अवघड जातो. कदाचित तिला पाच दिवस नको असतील, एकच हवा असेल.

आणि खजिनदारपद मार्चअखेरीस हिशोब पुरा करून सोडा. मध्येच सोडलं तर बोलतात, वर्षअखेर सोडलं तर कुणाला काही वाटत नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. दोनदा वाचले सगळे प्रतिसाद, यजमानांनाही वाचून दाखवले.

माहीमच्या आजी, तुमचं ऐकून रविवारी सुनेला फोन केला आणि सरळ विचारलं. ती बराच वेळ बोलली नाही, मग म्हणाली, "आई, गुरुवार." गुरुवारी तिच्या मीटिंगा उशिरापर्यंत असतात, मुलगाही उशिरा येतो. एवढंच होतं ते! इतके महिने मी मनात त्याचा डोंगर केला होता. आता बुधवारी संध्याकाळी एसटीनं पुणं गाठायचं, बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे दर आठवड्याला जड जाणार नाही. गुरुवार नातवाचा, शुक्रवारी सकाळी मोडीचा वर्ग बघायचा, दुपारच्या गाडीनं परत.

सहा ठिपके, तुम्ही नियम सांगितलात ते फार बरं झालं. मी बी.कॉम. आहे, लेखनिकाचा विचार बाजूला ठेवला. वाचून देईन. मंगळवारी दुपारी दोन ते चार घर शांत असतं. कोणतं पुस्तक आधी हवं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

भजन ठेवलं आहे, कारण ते मला खरंच आवडतं हे या निमित्तानं कळलं. भिशी सोडली. खजिनदारपदाचं अध्यक्षांना कळवलं, थोडे नाराज झाले.

बोरूटाक, तुमची अट मान्य. दोन वर्षं कुणाच्या कागदाला हात लावणार नाही. पण परवा माहेरी जाऊन ट्रंक उघडली. वरचाच कागद घेतला, बाराखडीचा तक्ता शेजारी ठेवला. दीड तासात "मौजे" आणि "बिन" लागले. "बिन"च्या आधी आजोबांच्या वडिलांचं नाव असणार, पहिलं अक्षर "रा" वाटतंय, पण पुढे शिरोरेघ तुटली आहे. उजेडात फोटो काढला आहे, उद्या इथे चढवते. जरा बघाल का?